बाईसाहेबांना कसं उचलावं

टिचकीचं काम म्हणजे छपरांना कोपरे लावणं. विमानातून काढलेले गावोगावचे फोटो स्क्रीनवर यायचे, आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येक छपराच्या कोपऱ्यावर माउसने एकेक टिचकी मारायची. शेवटच्या कोपऱ्यावर दोनदा मारली की छप्पर पिवळं व्हायचं. म्हणजे ते घर नकाशात आलं. मग पुढचं छप्पर. अशी गावंच्या गावं तिने संपवली होती, पण त्यातल्या एकाही घराचं दार तिने पाहिलं नव्हतं. तिचा हात इतका चालायचा की तिच्या टेबलाकडून कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा, आणि त्यावरूनच ऑफिसने तिचं नाव टिचकी पाडलं होतं.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत कामावर आली आणि काही दिवसांत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी नळ फिरवताना. मग डब्याचं झाकण उघडताना. मग केस विंचरताना. मनगटात कोणीतरी बारीकसा खडा ठेवून दिलाय आणि विसरून गेलाय, असं तिला वाटायचं. एके सकाळी मुलीला पाळण्यातून उचलायला गेली तर अशी कळ आली, थेट कोपरापर्यंत, की तिने मुलीला पुन्हा गादीवर टेकवलं आणि स्वतःच खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी हात दाबून, अंगठा मुठीत धरायला लावून, मूठ वाकडी करून पाहिली. टिचकीच्या तोंडून जो आवाज आला त्यावरून त्यांची खात्री पटली. त्यांनी मनगटाला पट्टा बांधला.

"बाळाला थोडे दिवस दुसऱ्या कुणाला उचलू द्या."

"थोडे दिवस म्हणजे?"

"दुखायचं थांबेपर्यंत."

"आणि दुखायचं कधी थांबेल?"

"उचलायचं थांबवलंत की."

हे उत्तर टिचकीने घरी येईपर्यंत मनात उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही धरलं तरी त्यात तिला मुलगी मिळत नव्हती.

मुलीला घरात सगळे बाईसाहेब म्हणायचे. जन्मल्यापासून तिच्या चेहऱ्यावर, कोणीतरी अर्ज घेऊन आलंय आणि तो तिला पसंत नाही, असा भाव होता. रांगायला लागली तशी ती एक नवीन गोष्ट शिकली: समोर माणूस आला की दोन्ही हात वर करायचे. माणूस वाकतो आणि आपण वर जातो. हा शोध तिला इतका आवडला की आजी, बाबा, वरच्या मजल्यावरच्या काकू, अगदी विजेचा मीटर बघायला आलेला माणूस, कोणालाही तिने सोडलं नाही. मीटरवाल्याने तर मीटर न बघताच तिला घेऊन सगळं घर फिरवलं.

फक्त आईपुढे तिने हात वर करणं सोडून दिलं.

सुरुवातीला करायची. आई म्हणायची, "थांब हं राणी, आजी घेईल." आजी घ्यायची. असं रोज, पुन्हा पुन्हा झाल्यावर बाईसाहेबांनी मनाशी नोंद घेतली असावी की हे माणूस उचलण्यातलं नाही. राग नव्हता त्यात. संध्याकाळी टिचकी घरात शिरली की ती हसायची, रांगत यायची, आईच्या गुडघ्यावर दोन थापा मारायची, जशा आपण एखाद्या चांगल्या टिकाऊ स्टुलावर मारतो, आणि बाजूने पुढे निघून जायची. टिचकी चपला न काढता तिथेच उभी राहायची.

"मनाला लावून घेऊ नकोस," नवरा म्हणायचा. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सगळं त्याच हिशेबात बघायचा. "लिफ्ट बंद असली की लोक जिन्याने जातात. सुरू झाली की येतात परत."

"आणि जिन्याची सवय झाली तर?"

यावर तो काहीतरी बोलणार होता, पण बाईसाहेबांनी त्याच्यापुढे हात वर केले आणि तो कामाला लागला.

*

ऑफिसात दुखणारी ती एकटी नव्हती. टिचक्या सगळेच मारत होते. पलीकडच्या टेबलावरचा चष्मेवाला दुपारनंतर डाव्या हाताने उजवा हात उचलून माउसवर ठेवायचा. तिची मैत्रीण गच्ची, जिच्याकडे फक्त सपाट छपरं असायची म्हणून ते नाव, ती तर घरी कुलूप उघडायला शेजाऱ्यांना बोलवायची. शेवटी विमा कंपनीने मोठ्या साहेबांना कळवलं की तुमच्याकडे मनगटं फार दुखतात, एक जबाबदार माणूस नेमा.

मोठ्या साहेबांनी नेमलेला जबाबदार माणूस आयुष्यभर बंदरात क्रेन तपासत आलेला होता. उंच, सुकलेला, शर्टाच्या खिशात मोजपट्टी आणि हातात गवंड्याची असते तशी पाणसळ. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "घाबरायचं कारण नाही. मनगट म्हणजे बारीक क्रेन."

त्याचं नाव मनगटसाहेब पडायला दुपारही व्हावी लागली नाही.

मनगटसाहेब हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागले. प्रत्येकाच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसायचे आणि त्याच्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मधे, पाणसळ ठेवायचे. आतला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत खुर्ची वरखाली व्हायची. ज्यांचे पाय मग लोंबायला लागले त्यांच्या पायांखाली जुन्या फायलींचे गठ्ठे आले. माउस लांब ठेवून हात ताणणाऱ्यांचे माउस ओढून जवळ आणले. मनगट वर मुडपू नका, खाली मुडपू नका, टेबलाच्या कडेवर टेकवून भार देऊ नका, माउस असा धरा की त्याला वाटलं पाहिजे आपण मोकळे आहोत. दर थोड्या वेळाने ते घंटा वाजवायचे आणि सगळ्यांनी हात खुर्चीच्या दोन्ही बाजूंना टॉवेल वाळत घातल्यासारखे सोडून द्यायचे. घंटा झाल्यावरही 'एवढंच छप्पर करते' म्हणणाऱ्याचा माउस ते काही न बोलता काढून घ्यायचे आणि खिशात टाकायचे. संध्याकाळपर्यंत त्यांचे खिसे फुगलेले असायचे आणि शेपट्या बाहेर लोंबत असायच्या.

हसले सगळे, पण गुण आला. चष्मेवाल्याचा उजवा हात आपला आपण माउसवर जायला लागला. गच्चीने स्वतःचं कुलूप स्वतः उघडलं आणि शेजाऱ्यांना उगीच चुकल्यासारखं झालं. मनगटसाहेबांनी भिंतीवर एक पाटी लावली होती, 'आज दुखणारी मनगटं', आणि खाली खडूने आकडा. तो उतरत उतरत एकावर आला आणि तिथे अडकला.

ते एक टिचकीचं होतं.

मनगटसाहेबांची झोप उडाली. तिची खुर्ची त्यांनी पुन्हा मोजली. माउस बदलला, टेबल बदललं, तिला खिडकीकडून दाराकडे बसवलं. बुडबुडा मधोमध, पाठ सरळ, हात मोकळा, आणि तरी पाटीवर एक. येता जाता ते तिच्यापाशी थांबून सुस्कारा सोडायचे. सगळं कुटुंब फोटोसाठी उभं आहे आणि आपल्या एकटीमुळे खोळंबलंय, असं तिला वाटायला लागलं.

शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"घरी कॉम्प्युटर आहे?"

"नाही."

"मोबाइल फार वापरता?"

"कधी वापरू?"

"मग हा हात घरी करतो काय? उचलतो काय?"

"सध्या काही नाही."

"सध्याच्या आधी?"

"मुलगी," टिचकी म्हणाली.

मनगटसाहेब पुढे सरकले. "दिवसातून किती वेळा?"

"ते कोण मोजतं? श्वास मोजतो का आपण?"

"मी मोजतो," मनगटसाहेब म्हणाले, आणि ते खरं असावं. "कशासाठी उचलायची?"

 टिचकीला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. "ती हात वर करायची म्हणून," ती म्हणाली, आणि मनगटावरचा पट्टा ओढून नीट करायला लागली. "आता करत नाही. माझ्यापुढे नाही करत."

मनगटसाहेबांनी मान डोलावली. त्यांना हवं ते मिळालं होतं. "उद्या ते यंत्र घेऊन या."

"यंत्र नाही हो. मुलगी आहे."

"ते तपासणीनंतर ठरेल."

*

घरी हे ऐकून नवरा पोट धरून हसला. सासूबाई हसल्या नाहीत. "जाऊ की," त्या म्हणाल्या. "मलाही बघू दे ते ऑफिस. माझी सून दिवसभर लोकांच्या घरांवर चढून काय करते ते कळू दे."

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाईसाहेबांना कडेवर घेऊन आल्या. टिचकीचं टेबल रिकामं करून त्यावर जाड टॉवेल अंथरला होता. बाईसाहेब त्यावर बसल्या आणि त्यांनी ऑफिसभर एक नजर फिरवली. दोघातिघांनी नकळत खुर्च्या सरळ केल्या.

मनगटसाहेबांनी मोजपट्टीने उंची घेतली, घेर घेतला.

"हँडल कुठाय?"

"नाहीये," टिचकी म्हणाली.

"हूक? कडी? काहीतरी असेल."

"कान आहेत की," सासूबाई म्हणाल्या. "मोठी झाल्यावर आम्ही तिथेच धरणार आहोत."

"वजन कायम असतं?"

"वाढतं."

मनगटसाहेबांचा हात थांबला. "आपोआप वाढतं? कोणाच्या परवानगीने?"

"माझ्या," सासूबाई म्हणाल्या. "मीच भरवते."

"आणि उचलताना भार एका जागी राहतो का?"

"कुठला राहतोय. ऐन वर घेताना मागे कलंडते. पंखा बघायचा असतो ना तिला."

मनगटसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. इतक्या वर्षांत असली रचना त्यांनी पास केली नव्हती. वजन वाढतं, भार सरकतो, धरायला जागा नाही, आणि लोक ती घराघरात वापरतात. त्यांनी खिशातून एक चिकटपट्टी काढली आणि बाईसाहेबांच्या पाठीवर लावली: 'दोन माणसांनी उचलावे.' बाईसाहेबांनी ती मागे हात घालून ओढून काढली आणि तोंडात घातली. सासूबाईंनी बोट घालून बाहेर काढली. "शाई चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पसरली नाही."

मग मनगटसाहेबांनी ठरवलं की दोष यंत्रात आहे की टिचकीच्या हातात, हे बघायचं तर इतरांनीही उचलून दाखवलं पाहिजे. बाईसाहेबांना खाली चटईवर ठेवलं आणि सगळं ऑफिस रांगेत उभं राहिलं. चष्मेवाला पुढे आला. बाईसाहेबांनी हात वर केले. त्याने उचललं. गच्ची आली. हात वर. तिने उचललं. मोठे साहेब काय गडबड आहे ते बघायला आले, तर त्यांच्यापुढेही हात वर. एवढी सोय एका जागी बाईसाहेबांनी कधी पाहिली नव्हती. त्यांचा चेहरा उजळून गेला होता.

टिचकी पट्टा बांधलेला हात पोटाशी धरून कपाटाजवळ उभी होती. रांगेत सगळे होते, ती नव्हती. एकदा मुलीची नजर तिच्यावर आली, ओळखीचं हसली, आणि पुढच्या माणसाकडे वळून तिने हात वर केले.

"थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे हिला असं वरून का उचलताय? घारी आहात का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

खरंच होतं ते. प्रत्येकजण मुलीच्या अगदी डोक्यावर उभा राहायचा, कमरेत वाकायचा, दोन्ही पंजे आकड्यासारखे मुडपून बगलांत घालायचा, अंगठे वर ताणलेले, आणि सगळा भार मनगटावर घेऊन सरळ वर ओढायचा. वर आल्यावर पाठीवर दोन थापा, शेवटच्या कोपऱ्यावर मारतात तशा, छप्पर पिवळं करायला.

"मग कुठून उचलायचं असतं?" गच्चीने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

 चष्मेवाल्याने टेबलावरचा आपला पेला पाहिला. पेला तो नेहमी काठाला धरून, वरूनच उचलायचा. मोठ्या साहेबांच्या हातातली फाइल एका कोपऱ्याला धरलेली होती. वर्षानुवर्षं जगाकडे वरून बघून या माणसांचे हात वरून यायला शिकले होते, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पेल्याचं, फायलीचं निभावून गेलं. टिचकीच्या घरी मात्र वजन वाढणारी वस्तू होती.

"वरूनच बरोबर आहे," मनगटसाहेब ठामपणे म्हणाले. "क्रेन कधी खालून उचलते का? आजी, हे शास्त्र आहे. बघा."

त्यांनी बाह्या दुमडल्या. बाईसाहेबांनी एवढ्या उंच माणसाकडे मान मागे टाकून पाहिलं आणि मोठ्या आशेने हात वर केले. मनगटसाहेबांनी वाकून, आकडे लावून, अगदी सरळ रेषेत त्यांना वर घेतलं. त्या उंचीवर पंखा फारच जवळ आला. बाईसाहेब बघायला मागे कलल्या.

मनगटसाहेबांच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. फक्त त्यांनी बाईसाहेबांना, काठोकाठ भरलेलं भांडं ठेवावं तसं, अतिशय सावकाश खाली ठेवलं, "तपासणी पूर्ण," असं म्हटलं, आणि ते कपाटामागे गेले. बराच वेळ ते तिकडून आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाटीवर एकच्या जागी दोन होते. आकडा वाकडातिकडा होता, कारण तो डाव्या हाताने काढलेला होता.

*

दुपारी मनगटसाहेब टिचकीपाशी येऊन बसले. हातात पाणसळ नव्हती.

"बशी धरवत नाही हो," ते हळूच म्हणाले.

"नळ?"

"नळ तर नकोच."

"आणि शर्टाचं बटण लावताना इथे, या हाडावर?"

"तिथेच," मनगटसाहेब म्हणाले, आणि त्यांना इतकं बरं वाटलं, जसं परक्या मुलखात आपल्या आळीतलं माणूस भेटावं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे भार मोजले होते. आपल्या आत असं काही दुखू शकतं ही त्यांच्यासाठी बातमी होती. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोणाचं मनगट दुखत नाही?"

"सासूबाईंचं नाही. दिवसभर त्याच उचलतात."

"मग त्यांच्याकडे जायला हवं."

ते आले. पायताण दाराबाहेर काढून, पाणसळ घेऊन, एखाद्या मोठ्या ऑफिसात आल्यासारखे आत आले. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाईसाहेब त्या घड्या मोडत होत्या.

"आजी, उचलून दाखवा."

सासूबाई आधी खाली बसल्या. मुलीला ओढून अगदी पोटाशी घेतली. एक हात तिच्या बुडाखाली घातला, तळवा वर, मनगट सरळ, भार सगळा कोपरापर्यंतच्या हातावर. दुसरा हात तिच्या पाठीवर. मग भिंतीचा आधार घेत गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या. मनगटसाहेबांनी घाईघाईने त्यांच्या हातावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला आणि हलेना.

मनगटसाहेब जमिनीवरच बसले. "हे कुठे शिकलात तुम्ही?"

"शिकायचंय काय त्यात. माझी कंबर वाकली की परत येत नाही, म्हणून बसते. लांबून उचलायला जोर नाही, म्हणून जवळ घेते. तुमच्यासारखी धडधाकट असते तर मीही वरूनच ओढली असती."

नवरा हे सगळं दारातून बघत होता. "मी सांगत नव्हतो का," तो म्हणाला, "लिफ्ट खालून येते."

"तू फक्त जिन्याचं सांगत होतास," टिचकी म्हणाली.

त्यानंतर ऑफिसात वाळूच्या पिशव्या आल्या. प्रत्येक पिशवी बाईसाहेबांच्या वजनाची, आणि बाईसाहेबांचं वजन वाढेल तशी मनगटसाहेब प्रत्येकीत मूठमूठ वाळू घालायचे. घंटा झाली की हात सैल सोडायचे, मग खुर्च्यांवरून उतरून सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, पिशवी पोटाशी घ्यायची, हात खाली, तळवा वर, आणि उठायचं. एकदा नकाशाचं काम देणारे बाहेरचे पाहुणे आले, तर सगळं ऑफिस जमिनीवर एकेक पिशवी उराशी धरून बसलेलं. मोठे साहेबही. पाहुण्यांनी दारातच विचारलं की कोणी गेलं का. खरं कारण कळल्यावर ते आपला अंगठा चोळत जरा घुटमळले आणि म्हणाले, जास्तीची पिशवी आहे का.

टिचकीचा खडा हळूहळू विरघळला. एके दिवशी नळ फिरवला आणि तिला कळलंच नाही की आपण नळ फिरवला. डॉक्टरीणबाईंनी मूठ वाकडी करून पाहिली, या वेळी टिचकीच्या तोंडून आवाज आला नाही, आणि पट्टा सुटला. मनगटसाहेबांचंही दुखणं उतरलं. पाटीवर शून्य लिहायला ते खडू घेऊन उभे राहिले, आणि त्यांनी टिचकीकडे वळून पाहिलं.

"मुलीने हात वर केले?"

"नाही अजून."

मनगटसाहेबांनी खडू खाली ठेवला. "मग कसलं शून्य," ते म्हणाले.

कारण ते तसंच राहिलं होतं. पट्टा निघाला हे बाईसाहेबांना कोण सांगणार? संध्याकाळी त्या यायच्या, गुडघ्यावर दोन थापा मारायच्या आणि पुढे जायच्या.

"उचल ना सरळ," नवरा म्हणाला. "आता दुखत नाही ना?"

"तिने मागितल्याशिवाय नको."

"अगं, मुलगी तुझी आहे."

"म्हणूनच. न मागता उचलायला पिशव्या आहेत ऑफिसात."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण त्या दिवशी टोमणा मारला नाही.

*

सुट्टीच्या सकाळी मनगटसाहेब पुन्हा आले. ते म्हणाले, अखेरची तपासणी. पण ते कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी खिशातून काहीच काढलं नाही. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. नवरा चहाचे पेले घेऊन उंबऱ्यात उभा होता आणि ते कुठे ठेवायचे हे त्याला सुचत नव्हतं. टिचकी खोलीच्या मध्ये जमिनीवर मांडी घालून बसली.

बाईसाहेब पलंगाखालून बाहेर आल्या. मनगटसाहेबांना ओळखून त्यांच्याकडे गेल्या आणि हात वर केले.

"मी बंद आहे," मनगटसाहेब म्हणाले आणि त्यांनी हात पाठीमागे घेतले.

बाईसाहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. हेही स्टूल झालं तर. मग त्या वळल्या. वाटेत आई होती. रांगत जवळ आल्या, गुडघ्यावर एक थाप मारली, आणि दुसरी मारायला हात उचलला.

आणि टिचकीने, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आपले दोन्ही हात वर केले. मुलीपुढे. अगदी डोक्याच्या वर.

"हे आपण शिकवलं नाही," मनगटसाहेब कुजबुजले.

"गप्प बसा हो," सासूबाई म्हणाल्या.

बाईसाहेबांची थाप हवेतच राहिली. त्यांच्यापुढे असं आजवर कोणी केलं नव्हतं. त्यांनी आजीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, कोणीतरी वाकायला येतंय का म्हणून. कोणी हललं नाही. म्हणजे काम आपल्यावर आलंय. त्या आईचा गुडघा धरून उभ्या राहिल्या, लटलटत्या पायांनी पुढे सरकल्या, आईच्या दोन्ही दंडांवरच्या बाह्या मुठींत पकडल्या, आणि ओढलं. तोंड लाल झालं. नाकातून आवाज आला. पुन्हा ओढलं.

"मनगट मुडपतंय तिचं," मनगटसाहेब कळवळले.

"अगदी आईवर गेलीये," सासूबाई म्हणाल्या. "वरून."

एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून टिचकी मांडी सोडून इंचभर वर उठली. बाईसाहेबांचे डोळे मोठे झाले. हे एवढं मोठं माणूस आपल्याच्याने उचललं जातंय. त्यांनी बाह्या सोडल्या, आई खाली आली. पुन्हा धरल्या, आई वर गेली. चहा निवला. कोणी प्यायलं नाही. बाईसाहेबांनी आपल्या आईला किती वेळा उचललं ते मनगटसाहेबांनीसुद्धा मोजलं नाही. शेवटी त्यांचे केस कपाळाला चिकटले, पाय डगमगले, आणि त्या धप्पकन बुडावर बसल्या. दम खाल्ला. आईकडे पाहिलं, चांगलं निरखून, जरा रागाने, जसं एखाद्याचं खूप काम करून दिल्यावर बघतात.

मग हात वर केले.

टिचकीला घाई करवली नाही. तिने मुलीला ओढून पोटाशी घेतलं. हात बुडाखाली, तळवा वर, दुसरा पाठीवर. गुडघ्यावर जोर देऊन ती उठली. वाळूपेक्षा हे जड होतं, ऊन होतं, आणि घामाने निसटत होतं, आणि त्याने तिच्या मानेवरचा केसांचा एक झुपका घट्ट धरून ठेवला होता. मनगटात काहीही झालं नाही.

"छान," मनगटसाहेब उठून म्हणाले. त्यांना डोळे पुसायचे होते, पण त्यांनी नाक पुसलं. "उत्तम. आता सावकाश खाली ठेवून दाखवा."

टिचकीने ऐकलं की नाही कोण जाणे. खाली ठेवायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती मुलीला घेऊन खिडकीशी गेली, मग स्वयंपाकघरात, मग दाराशी, मग पुन्हा खिडकीशी, आणि तिच्यामागून मनगटसाहेब, सासूबाई आणि हातात गार चहाचे पेले घेतलेला नवरा, अशी सगळी वरात घरभर फिरत राहिली.